पाटीखालची शपथ

धोंडिबा खरातचा पाटीवर फार विश्वास. आता पाटीवर कसला विश्वास, असं कुणी म्हणेल. पण ज्याने उभा जन्म पाट्याच रंगवल्या त्याने दुसऱ्या कशावर ठेवायचा? औरंगाबादला चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपात तो रंगारी होता. गाडीच्या कपाळावरच्या पाट्या, पैठण, सिल्लोड, जालना विनाथांबा, सगळ्या त्याच्या हातच्या. ज्या गाडीवर पैठणची पाटी ती गाडी पैठणलाच जाणार. वाटेत बंद पडेल, चाक निखळेल, पण गेली तर पैठणलाच. पाटी एक आणि मुक्काम दुसरा, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

रंगाऱ्याला दारू लागते म्हणतात. टर्पेंटाइनचा वास डोक्यात बसतो आणि तो काढायला दुसरा वास लागतो. धोंडिबाला लागली ती चांगलीच लागली. शेवटी एका वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत तो पिऊन रस्त्यात आडवा पडला, आणि त्याचा शाळकरी मुलगा सुगत उशाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, ‘माझ्या बाबांवर पाय देऊ नका.’ बेबीताईने, म्हणजे त्याच्या बायकोने, दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला बुद्धमूर्तीपुढे बसवलं आणि पाचवं शील, मद्यापासून लांब राहायचं, त्याच्या एकट्याकडून म्हणून घेतलं. मोठ्याने. शेजारच्यांना ऐकू जाईल असं.

तेव्हा त्याने कानाला खडा लावला तो कायमचा. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. रोज सकाळी दोघं पंचशील म्हणायला बसत, आणि पाचव्याला धोंडिबाचा आवाज जरा जरी बारीक झाला की बेबीताई एक डोळा उघडून त्याच्याकडे बघायची. वर्षानुवर्षं बघत आली. विश्वास नव्हता असं नाही हो, पण बघायची.

सुगत शिकला, कॉम्प्युटरमध्ये गेला, न्यूझीलंडला आला, ऑकलंडच्या एका बँकेत लागला. त्याची बायको निशा डोळे तपासते, चष्मे देते. त्या दोघांनी पापाकुराला घर घेतलं आणि २००३ साली आईबापांना कायमचं बोलावून घेतलं. आले तो फेब्रुवारी होता आणि उन्हाचा कडाका होता. फेब्रुवारीत उन्हाळा ही गोष्टच बेबीताईला पटेना. ‘ह्या लोकांनी कॅलेंडर उलटं टांगलंय,’ म्हणायची.

असंच एका दुपारी दोघं पाय मोकळे करायला निघाले. स्टेशनाकडून मुख्य रस्त्याला लागलं की कोपऱ्यावर एक जुनी दुमजली लाकडी इमारत होती. फुटपाथवर उतरलेला व्हरांडा, लाकडी खांब, वर कठडा, आणि कठड्याच्याही वर हातभर उंचीची इंग्रजी अक्षरं: हॉटेल. धोंडिबाने ती लांबूनच वाचली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. आल्यापासून घराबाहेर चहाचा थेंब मिळाला नव्हता.

‘तू बस ह्या बाकावर,’ तो बेबीताईला म्हणाला. ‘समोर हॉटेल आहे. चहा घेऊन येतो.’

आता, त्या मुलखात जुन्या दारूच्या गुत्त्यालाच हॉटेल म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. सुगतने सांगायला हवं होतं. पण मुलांना वाटतं, आईबापांना सिग्नलचं बटण दाबायला शिकवलं की झालं.

आत अंधार होता. लाकडी खांब, कमरेइतक्या उंच फरशा लावलेल्या भिंती, टीव्हीवर घोडे पळत होते. वास आला नाही का? हा प्रश्न पुढे बेबीताईने दहा वेळा विचारला. आला. ज्याने पोटात रिचवलेली आहे त्याला यायचाच. पण पाटीवर हॉटेल लिहिलं होतं! धोंडिबा नाक मुठीत धरून काउंटरपाशी गेला आणि म्हणाला, ‘टी. वन बाय टू.’

काउंटरमागे एक पांढऱ्या केसांची धिप्पाड बाई होती. चहा नाही, तिने हसून हात हलवले. मग त्याच्या घामेजल्या तोंडाकडे बघून तिने एक थंडगार बाटली उघडून पुढे केली, पैसे नकोत म्हणून खूण केली, आणि म्हणाली, ‘स्वीट ॲज,’ म्हणजे तिकडच्या बोलीत, काही हरकत नाही. धोंडिबाला वाटलं, गोड आहे असं सांगते आहे. तो म्हणाला, ‘येस, येस, स्वीट.’ गोड होतंच. वर आल्याचा असा झणका की घसा खुलला. त्याने मनाशी हिशेब मांडला: आलं आहे, साखर आहे, ह्या लोकांचा हाच चहा असणार, थंड करून पितात. लेबल वाचायच्या फंदात न पडता त्याने अर्धी बाटली प्यायली आणि उरलेली अर्धी बेबीताईसाठी घेऊन बाहेर आला. वन बाय टू.

बेबीताईचं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं ती सुगतच्या बरोबरीने शिकली, पण एक शब्द तिला त्याच्याही आधीपासून वाचता येत होता, कारण तो त्यांच्या गल्लीच्या तोंडावरच्या दुकानावर लिहिलेला असायचा. तिने बाटली हातात घेतली, लेबलावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर वाचलं.

‘बी, ई, ई, आर.’

‘अगं, आल्याचं पाणी आहे ते.’

‘बी, ई, ई, आर.’

‘तुझी आण. चव तरी घेऊन बघ.’

‘मला चव बघायला लावता?’ बेबीताईने बाटली उचलली आणि शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात सोडली. मग भर फुटपाथवर, येणारेजाणारे थांबून बघताहेत ह्याची फिकीर न करता, तिने वर बोट केलं. ‘ती पाटी नीट बघून ठेवा. तिच्याखालून पुन्हा आत पाय ठेवलात तर माझं मेलेलं तोंड बघाल. माझी शपथ आहे.’

संध्याकाळी घरात हीच पंचाईत. निशाने डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, तसलीच बाटली आणून टेबलावर ठेवली. सुगतने लेबल मराठीत करून सांगितलं, की आई, हे लहान मुलंसुद्धा पितात, जिंजर बिअर हे नुसतं नाव आहे. पालथ्या घड्यावर पाणी. ‘आत दारू नाही तर नाव कशाला लावतात?’ बेबीताईने विचारलं. गंमत म्हणजे धोंडिबालाच ते पटलं. पाटीवर लिहिलंय ते आत असायला पाहिजे, हे तर तो जन्मभर सांगत आला होता.

बरं, ही बाई नवस न बोलणारी, अंगारा-धुपारा उंबऱ्याच्या आत येऊ न देणारी. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. पण शपथ घालायची सवय काही सुटली नव्हती. ती तिच्या आईची होती, आईच्या आईची होती. आणि शपथेचा कायदा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे: ज्याने घातली त्यानेच सोडायची. ‘सुटली’ एवढा एक शब्द म्हणायचा, की माणूस मोकळा. बेबीताई रोज सतरा शपथा घालायची, जेवली नाहीत तर माझी शपथ, स्वेटर घातला नाहीत तर माझी शपथ, आणि निजायच्या आत सगळ्या सोडून टाकायची. ही मात्र तिने सोडली नाही. आणि नवऱ्यावर विश्वास बसला की नाही, तेही कधी बोलली नाही.

धोंडिबाने मग त्या दाराचं नाव काढलं नाही. समोरच्या बाकावर मात्र तो रोज बसायचा, कारण ऊन तिथेच चांगलं यायचं. त्या बाकावर नेव्हिल नावाचा एक गोरा म्हातारा भेटायचा, रेल्वेतून निवृत्त झालेला. तो थोडा वेळ बाकावर बसायचा आणि बाकीचा वेळ समोर आत. दोघांचं इंग्रजी एकमेकांना लागायचं नाही, त्यामुळे भांडणही कधी झालं नाही.

दोन-तीन वर्षांनी तो गुत्ता बंद पडला. का पडला, कुणास ठाऊक. लोक दुसरीकडे प्यायला लागले असतील. दारांना फळ्या ठोकल्या. नेव्हिल आता सगळा वेळ बाकावर बसू लागला. मग एक दिवस ट्रक आले, कामगार आले आणि इमारतीच्या पोटातलं सगळं बाहेर काढू लागले. मधल्या भिंती गेल्या, छत गेलं, टेबलं गेली, नेव्हिलची ठरलेली खुर्चीही गेली. नेव्हिलने तिच्याकडे बोट दाखवलं आणि धोंडिबाने मान हलवली. पण सांगाडा, भिंतीच्या फरशा आणि काउंटरची फळी तेवढी तशीच ठेवली. कौरी नावाच्या तिकडच्या झाडाच्या जुन्या लाकडाचे खांब आणि तुळया धुऊन-पुसून, तेलपाणी करून, दिसतील अशा उघड्या ठेवल्या आणि त्यांच्या मधे काच घालून दुकानाचे गाळे काढले. एकात मोबाइलवाला आला, एकात बायकांचे कपडे, वर केस कापणारी.

आणि पाटी? पाटी जागेवर! जुनी इमारत, गावाचा वारसा. रस्त्यावरून दिसणारं काही बदलायचं नाही, असा कौन्सिलचा नियम. उलट एक रंगारी शिडी लावून दोन दिवस ती अक्षरं सोनेरी करत बसला. धोंडिबा खालून बघत होता. रंगाऱ्याचा हात चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. दारू असताना हॉटेल लिहिलं ते एक खोटं. आता दारूही नाही आणि तरी हॉटेलच? एसटीत असा रंगारी एक दिवस टिकला नसता.

कोपऱ्यावरचा गाळा निशाने घेतला. चष्म्याचं स्वतःचं दुकान, पोरीचं लग्नाआधीपासूनचं स्वप्न. २००७ चा ऑगस्ट होता. उद्घाटनाला फीत सासऱ्यांनी कापावी अशी तिची फार इच्छा. बेबीताई तेव्हा औरंगाबादला गेली होती, भाचीच्या लग्नाला म्हणून गेली आणि पावसाळ्यातल्या वर्षावासासाठी राहिली. विहारात रोज ग्रंथवाचन असायचं आणि तिला ते चुकवायचं नव्हतं. आता आली का पंचाईत! फीत तिकडे, सासरा समोरच्या फुटपाथवर, आणि शपथ सोडणारी औरंगाबादला. सुगतने तिला फोन लावला.

‘आई, आता तिथे दारू नाही, चष्मे आहेत. सुटली म्हण.’

‘पाटी काढली?’

‘पाटी काढता येत नाही. नियम आहे.’

‘मग माझाही नियम आहे. शपथ तिथे घातली, तिथेच सोडीन. यांच्याकडे दे फोन.’ धोंडिबाने फोन घेतला. ‘ऐकलंत का,’ बेबीताई म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं, ‘वर्षावास संपला की येते. त्या पाटीखाली उभी राहते, सुटली म्हणते, आणि ते तुमचं आल्याचं पाणीही एकदा पिऊन बघते. चढली तर बघा मग!’

धोंडिबा भर फुटपाथवर लाजला. चार वर्षं तो ह्याच वाक्याची वाट बघत होता. फीत निशाच्या हातून कापली गेली, आणि तो समोरून टाळ्या वाजवत राहिला.

पुढच्याच महिन्यात त्याच्या उजव्या डोळ्यापुढे काळं काही उतरायला लागलं. निशाने घरीच, स्वयंपाकघरात, टॉर्च मारून बघितलं आणि त्याला तडक हॉस्पिटलात नेलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन करून डॉक्टरांनी आत वायूचा फुगा सोडला. तो विरेपर्यंत विमानात बसायचं नाही, नाहीतर डोळा कायमचा जाईल. आणि सुरुवातीला काही दिवस तोंड खाली करून राहायचं, जेवतानाही, झोपतानाही. धोंडिबा टेबलाच्या कडेला उशीवर कपाळ टेकून बसू लागला. त्याला दिसायचं ते फक्त राखी कार्पेट आणि त्यावरचा चहाचा एक डाग.

तसा बसलेला असतानाच, एका सकाळी, काशिनाथचा फोन आला. काशिनाथ म्हणजे बेबीताईचा धाकटा भाऊ. सुगतने फोन बापाच्या कानाला लावला.

‘दाजी, ताई गेली. विहारातून आली, पाणी मागितलं, आणि बसल्या जागी गेली.’

‘बरं,’ धोंडिबा म्हणाला.

बरं! एवढंच. डाग होता तिथेच होता. सुगत मागे भिंतीला टेकून हंबरडा फोडत होता, निशा त्याला धरत होती, आणि धोंडिबा त्या डागाकडे बघत होता. मग तो म्हणाला, ‘मला न्या.’ निशाने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर नाही म्हणाले. सुगत मिळेल त्या विमानाने गेला, पण तो पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. भर पावसाळ्यात तिकडचे लोक तरी किती थांबणार? तो जलदानविधी करून परत आला.

सुगत गेला त्या दुपारी धोंडिबाने तोंड खाली ठेवूनच विचारलं, ‘निशा, रडलं तर चालतं का?’

निशाचे स्वतःचे डोळे सुजले होते. पण तिचं शिक्षण आडवं आलं. ती म्हणाली, ‘डोळ्यावर जोर येईल असं काही नको, बाबा. थोडे दिवस दम धरा.’

धोंडिबाने दम धरला. सांगितलेलं ऐकायची त्याला सवय होती.

फुगा विरला. मान वर झाली. डोळा दिसायला लागला, आणि जग पुन्हा होतं तसं उभं राहिलं; पण धोंडिबाला त्याचं काही वाटेना. भाजीत मीठ नसलं तरी तो जेवायचा, दुप्पट असलं तरी जेवायचा. पायात मोजे दोन रंगांचे. सकाळी पंचशील म्हणायला बसायचा आणि पाचव्याला त्याचा आवाज बारीक नाही की मोठा नाही, सरळ निघून जायचा. डोळा उघडून बघायला कोण होतं? लोक भेटायला यायचे, ऑकलंडहून, थेट हॅमिल्टनहून. बायका डोळ्याला पदर लावायच्या आणि त्याच्याकडे चोरून बघायच्या, की हा माणूस रडत कसा नाही. तो त्यांना विचारायचा, ‘चहा घेतला का?’

काशिनाथने एकदा फोनवर चाचरत सांगितलं, ‘दाजी, ताईचा शेवटचा फोटो काढून ठेवलाय. तोंड अगदी शांत होतं. पाठवू का?’

‘नको.’

‘अहो, एकदा बघितलं की मन हलकं—’

‘मी आत पाय ठेवला नाही, काशिनाथ. मग मी का बघू?’

काशिनाथला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तो म्हणाला, ‘दाजी, माणूस गेलं की त्याची शपथ आपोआप सुटते.’

‘कुणी सांगितलं?’

‘असंच असतं.’

‘पाटी तर अजून तिथेच आहे,’ धोंडिबा म्हणाला आणि फोन सुगतकडे दिला.

सुगतने समजावून बघितलं. ‘बाबा, आपण बौद्ध माणसं. असलं काही मानत नाही आपण.’ धोंडिबा म्हणाला, ‘मी कुठे मानतो? मी फक्त जात नाही.’ सुगतने हात टेकले.

निशाला मात्र ते लागलं. डॉक्टरांचं ऐकून आपण विमानाला नाही म्हटलं म्हणून बाबा आपल्या दुकानाची पायरी चढत नाहीत, असं तिने मनात घेतलं होतं. ती रोज दुपारी रस्ता ओलांडून बाकापाशी यायची, थर्मासातला चहा त्याला ओतून द्यायची, नेव्हिललाही द्यायची आणि परत जायची. ‘आत या’ म्हणायचं तिने सोडून दिलं. डोळा तपासायला हवा होता, त्यासाठी तिने दोनदा आठवण केली. तो म्हणाला, ‘दिसतंय की.’

आणि खरी गोष्ट सांगायची तर ती साधी होती, फक्त तोंडाने बोलायला अवघड. मेलेलं तोंड बघाल, असं बेबीताई म्हणाली होती, आत पाय ठेवलात तर. त्याने ठेवला नव्हता. त्याने बघितलं नव्हतं. म्हणजे त्याच्यापुरता हिशेब चोख होता. तोवर ती औरंगाबादला होती, वर्षावासाला. तो आत गेला नाही तोवर ती गेली नव्हती. हे खुळेपण आहे एवढं त्याला कळत होतं. तो काही अडाणी नव्हता. पण त्याच खुळेपणावर त्याचे दिवस जात होते, आणि दुसऱ्या कशावर गेले असते हे सुगतला विचारलं तर त्यालाही सांगता आलं नसतं.

असा वसंत सरला, ख्रिसमस सरला, पुन्हा फेब्रुवारी आला. ऊन तसंच. नेव्हिल त्या दिवशी बोलायच्या लहरीत होता, आणि एव्हाना त्याचं बोलणं धोंडिबाला बरंचसं लागत होतं. समोरच्या काचेकडे बोट दाखवून तो सांगत होता, की त्या मोबाइलवाल्याच्या जागी बाण फेकायच्या खेळाचा फळा होता, ह्या खांबाला लागून आपलं टेबल, त्या खिडकीखाली एक कुत्रं झोपायचं. तीस वर्षांपूर्वीच्या कुत्र्याचे ठिपकेसुद्धा त्याला आठवत होते! मग तो थांबला, आणि सहज, माणूस विचारतो तसं, त्याने विचारलं, ‘तुझी बायको, डॉन, कशी होती रे दिसायला?’ तो धोंडिबाला डॉन म्हणायचा.

धोंडिबाने सांगायला तोंड उघडलं.

काही आलं नाही. इंग्रजी येत नव्हतं म्हणून नव्हे; आतच काही नव्हतं. आवाज होता, ‘बी, ई, ई, आर’ म्हणणारा. लेबलावर ठेवलेलं बोट होतं, नखाला हळद लागलेली. नऊवारीचा काठ होता. पण वर बघावं तर तोंड नाही. घरात भिंतीवर फोटो होता, पण तो पासपोर्टचा मोठा केलेला. त्यात ती फोटोवाल्याला घाबरून बसलेली, ती ती नव्हतीच. धोंडिबा डोळे मिटून शोधत राहिला आणि त्याला पहिल्यांदाच भीती वाटली. इतक्या महिन्यांत काही म्हणून वाटलं नव्हतं, ती भीती तेवढी वाटली. जिवंत ठेवता ठेवता बाई पुसूनच गेली की काय?

तो उठला. नेव्हिलला वाटलं आपलं काही चुकलं. धोंडिबा डेअरीत गेला, फ्रीजमधली ती बाटली घेतली, बाहेर येऊन उन्हात उभा राहून अर्धी प्यायली. तोच झणका. मग उरलेली अर्धी हातात धरून तो रस्ता ओलांडून पाटीखाली आला. वर सोनेरी अक्षरं चमकत होती. ‘मेलेलं तर मेलेलं,’ तो मराठीत म्हणाला, ‘पण तोंड दिसू दे.’ आणि त्याने आत पाय ठेवला.

दारावरची घंटी वाजली. तेच खांब होते, तेलाने उजळलेले. कमरेपर्यंतच्या त्याच फरशा. जुन्या काउंटरच्या फळीवर आता चष्म्यांचे ट्रे मांडले होते. आणि सगळं साबण-पाणी-पॉलिश होऊनही जमिनीच्या लाकडातून तो वास येत होता, अगदी पुसट, ज्याने रिचवलेली आहे त्यालाच कळेल एवढा. भिंतींना मात्र आरसेच आरसे. गिऱ्हाइकाने चष्मा घालून बघायचे ते, लहान, मोठे, काउंटरवर मान वाकवून उभे केलेले. धोंडिबा एकेका आरशापुढे गेला. प्रत्येकात एक म्हातारा होता, दाढीचे खुंट वाढलेला, एक डोळा दुसऱ्याहून थोडा लाल. तो प्रत्येकात त्या म्हाताऱ्याच्या खांद्यामागे बघत होता. सगळे आरसे झाले. तो पुन्हा पहिल्यापासून बघायला लागला.

निशा मागच्या खोलीतून आली आणि जागच्या जागी थांबली. ‘बाबा!’

‘निशा, मी पाय ठेवला गं,’ धोंडिबा म्हणाला. बाटली त्याच्या हातात तशीच होती. ‘ती म्हणाली होती, बघाल म्हणून. मी सगळीकडे बघितलं. नाही दिसली.’

निशाने त्याच्या हातातली बाटली घेऊन काउंटरवर ठेवली, त्याला धरून मागच्या खोलीत नेलं आणि तपासायच्या खुर्चीत बसवलं. दुसरं तिला काही सुचलंच नाही. हातांना जे येत होतं ते त्यांनी केलं. त्याची हनुवटी आधारावर ठेवली, दिवा लावला आणि त्याच्या उजव्या डोळ्याच्या आत ती कितीतरी वेळ बघत राहिली.

‘पडदा चांगला धरलाय, बाबा,’ ती शेवटी म्हणाली. ‘डोळा बरा झालाय तुमचा.’ मग तिला एकदम काहीतरी आठवलं. तिने दिवा बंद केला आणि ती म्हणाली, ‘आता जोर आला तरी काही होत नाही. आता रडलं तरी चालतं, बाबा.’

धोंडिबाची हनुवटी अजून आधारावरच होती.

‘आधी सांगायचं ना, पोरी,’ तो म्हणाला, आणि मिरवणुकीत आडवा पडलेला तो माणूस सून समोर बसलेली असताना, तोंड झाकायचंही भान न राहून, मोठ्याने रडायला लागला. आवाज पुढच्या दुकानापर्यंत गेला. समोर बाकावरून नेव्हिल उठून उभा राहिला. निशाने पुढे जाऊन दारावर लटकणारी छोटी पाटी उलटी केली, दुकान बंद आहे म्हणून, आणि ती परत आत गेली.